पुढचं डावं चाक

“ब्रेक घाबरून दाबायचा नसतो गं पोरी! वळायचं असतं म्हणून दाबायचा...”

आत्याचा हा आवाज तिच्या कानात अठराव्या वर्षापासून मुक्कामाला होता. आत्यानं तीस वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली होती. भाचीला गाडी शिकवताना ती ओवीच्या ठेक्यात गुणगुणायची –

चाक वळे, वाट वळे, मन वळेना गं बाई
ज्याच्यापाशी थांबायाचं, त्याला ब्रेकच गं नाही!

तेव्हा भाची खिदळायची. त्या रविवारी सकाळी मात्र ती ब्रेकवर पाय रोवून बसली होती. घाबरून नाही, वळायचं म्हणूनही नाही... निव्वळ संतापानं.

जुन्या धावपट्टीवर आखलेला तो ट्रॅक होता आणि हौशी लोकांची शर्यत होती. ज्या गाडीतून आठवडाभर बाजारहाट करायचा, तीच गाडी रविवारी ट्रॅकवर उतरवायची, एवढीच अट. प्रत्येकाला तीन फेऱ्या, आणि ज्याची एखादी फेरी सगळ्यात कमी वेळात होईल तो गटात पहिला. तिची गाडी पांढरी, बुटकी, बारा वर्षांची, दारावर सतरा नंबर. सोमवार ते शनिवार ती या गाडीतून घरोघर जाऊन तपासणीसाठी लोकांचं रक्त गोळा करायची. म्हणून क्लबात तिला सगळे ‘सुई’ म्हणायचे. शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासून घ्यावी लागे. पुढची लालभडक गाडी दोन मिनिटांत पास झाली होती, आणि सुईच्या गाडीत तपासनीस वीस मिनिटं डोकं घालून बसला होता!

उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. क्लब त्याला ‘नियमराव’ म्हणे, आणि तेही दबक्या आवाजात.

“डिकीत छत्री,” तो एकेक वस्तू बाहेर काढत म्हणाला. “सीटखाली बिस्किटांचा पुडा, अर्धा. मागे कापसाचा गठ्ठा. आणि चप्पल... एकच?”

“दुसरी दोन महिने शोधतेय. सापडली तर सांगा!”

“ही गाडी आहे की संसार?”

“संसार असता तर तुमच्यासारख्याला आत डोकावू दिलं असतं होय?”

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते त्यानं घाईघाईनं फॉर्मच्या आड लपवलं.

“गाडी वळते तेव्हा सुटी वस्तू वळत नाही, बाई. ती सरळ जाते. ब्रेकखाली अडकली तर तुम्हीही सरळ जाल. सगळं काढा आणि रांगेच्या शेवटी या.”

“शेवटी? अहो, माझी पहिली फेरी जाईल!”

“जाईल,” तो शांतपणे म्हणाला.

आणि गेलीच की! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उरलेल्या दोन फेऱ्या तिनं अशा चिडून हाणल्या, की छोट्या गाड्यांच्या गटात ती तिसरी आली. घरी परतताना तिला त्या यशाचा आनंद आठवेना. आठवत राहिली ती फॉर्मच्या आड लपवलेली हालचाल. याचाही तिला राग आला.

दुसऱ्या शर्यतीला त्यानं तिच्या चाकाचे नट पुन्हा आवळायला लावले. “फेरीनंतर चाक तापतं, नट सैल पडतात.” ती फणकाऱ्यानं म्हणाली, “इतरांच्या चाकांना ताप येत नाही वाटतं?” तो म्हणाला, “इतरांचेही आवळले. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, म्हणून दिसलं नाही.”

कानशिलं तापली तिची. मी? आणि याच्याकडे बघत होते?

तिसऱ्या शर्यतीला खरी फजिती झाली. शेवटची फेरी झोकात संपवून ती आली, गाडी उभी केली आणि रोजच्या सवयीनं हँडब्रेक ओढला. बाजारात गाडी लावल्यावर ओढतो तसा! तापून लाल झालेले ब्रेक तिथल्या तिथे चिकटून बसले. गाडी पुढे हलेना की मागे. तिच्याच गटात लाल गाडी चालवणारा दातांचा डॉक्टर बत्तिशी दाखवत म्हणाला, “काय हो सुई, गाडीला भूल दिलीत की काय?” सगळे फिदीफिदी हसले.

हसला नाही तो नियमराव. तो आला, चाकाच्या मागेपुढे लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक सोडला आणि तिथंच उकिडवा बसला.

“आता काय?” तिनं विचारलं.

“आता काही नाही. निवू द्यायचं. तापलेल्याला ओढलं की ते धरून बसतं.”

“माणसांचंही असंच का?”

“माणसांचं मला ठाऊक नाही. चाकांचं विचारा.”

अर्धा तास दोघं त्या चाकापाशी बसली. वारा सुटला होता. तापलेल्या लोखंडाचा वास, गवताचा वास... आणि मध्येच तिच्या हातांना लागलेला स्पिरिटचा तो जुना वास. तेव्हा कळलं, की एरवी तो इमारतींच्या लिफ्ट तपासतो.

“लोक आत शिरतात, बटण दाबतात आणि आरशात केस नीट करतात,” तो म्हणाला. “वर दोर आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. त्यांच्या वतीनं मला ध्यानात ठेवावं लागतं.”

त्यानंतर सुईला एक खोड लागली. रोज सकाळी सॅम्पलची पेटी घेऊन लिफ्टमध्ये शिरलं, की आधी भिंतीवरचं तपासणीचं कार्ड बघायचं. जिथं त्याची ती बारीक, सरळ, पेन न उचलता केलेली सही असे, तिथं सहावा मजला फार लवकर यायचा. एकदा तर एका आजोबांनी विचारलं, “पोरी, आज सुई टोचताना हसतेस कशाला?” काय सांगणार, कपाळ?

चौथ्या शर्यतीला ती पहिली आली. त्यानं नुसती मान हलवली. “अभिनंदन म्हणायला नियमात बंदी आहे का?” तिनं विचारलं. “स्पर्धकाशी कामापुरतंच बोलायचं, असा नियम आहे,” तो म्हणाला आणि तिची गाडी दुसऱ्यांदा विनाकारण पुसली.

आता उरली शेवटची, पाचवी शर्यत. त्या गटात वर्षभरात जो पहिला येईल, त्याला पुढचा अख्खा हंगाम क्लबची खरीखुरी रेसिंगची गाडी मिळणार होती. सुई आणि दातांचा डॉक्टर गुणांत बरोबरीत होते. बारा वर्षांची ही बुटकी गाडी आणखी एक हंगाम टिकणार नाही, हे तिला माहीत होतं. तिच्यासाठी हे आत्ता नाही तर कधीच नाही असं होतं.

आदल्या दिवशी सराव होता. ट्रॅक ओला होता. तिसऱ्या वळणावर तिच्या पुढची गाडी गर्रकन फिरली आणि उलटली. सुई हातभर अंतरावरून निसटली. उलटलेल्या गाडीतल्या माणसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. सुईनं गाडी उभी केली तेव्हा कुंपणापाशी नियमराव उभा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. मग तो वळला आणि निघून गेला.

आणि सकाळी...

सकाळी त्यानं तिचं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी एकदा हलवलं आणि फॉर्मवर लिहिलं: चाकात ढिलाई. नापास.

“काय?” तिला वाटलं, आपण भलतंच वाचलं. “अहो, बुधवारी नवं बेअरिंग घातलंय!”

“ढिलाई आहे.”

“किती?”

“जास्त.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जास्त? हा माणूस टायरची झीज केसाएवढ्या फरकानं मोजणारा! मोजायचा काटा त्याच्या पेटीत तसाच, कापडात गुंडाळलेला पडला होता. त्यानं तो हातातसुद्धा घेतला नव्हता.

“मोजून दाखवा.”

“वेळ नाही. मागे रांग आहे.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. खिशातल्या पेनांशी चाळा करत होता. शेजारून डॉक्टर मानभावीपणे म्हणाला, “वाईट वाटतं हो, पण नियम म्हणजे नियम!”

“तुम्ही तोंड मिटा. वर्षभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बघता, तेवढं पुरे!” ती कडाडली आणि तरातरा क्लबच्या सचिवबाईंकडे गेली.

सचिवबाई चांगल्या होत्या, पण हात बांधलेले. “तपासनिसाचा शब्द शेवटचा गं. त्यानं स्वतः बदलला तरच. तुमच्या गटाच्या पहिल्या दोन फेऱ्या आता होतील, तिसरी अकराला. बघ काय होतंय...”

काय बघायचं? वर्षभर रविवार रविवार राबले. पेट्रोलसाठी पदरमोड केली. लोक ‘बाईच्या जातीला हे कशाला’ म्हणाले, तेही गिळलं... आणि एका माणसानं चाक एकदा हलवून सगळं पुसून टाकावं? तेही त्यानं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर ती नुसती भांडली असती. हे त्यानं केलं होतं, म्हणून ते जिव्हारी लागलं होतं, आणि त्याचाही तिला भयंकर राग येत होता.

बाहेर डॉक्टरच्या लाल गाडीची पहिली फेरी झाली. दुसरी झाली. रांग संपली. ती परत आली तेव्हा नियमराव एकटाच तिच्या गाडीपाशी होता. चाक अजून जॅकवरच, अधांतरी.

“एकच विचारते,” ती म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज खालीच निघाला. “उद्या सकाळी मला एका सहाव्या मजल्यावर जायचंय. लिफ्टमध्ये तुमची सही आहे. मी आत शिरू... की जिन्यानं जाऊ?”

वाऱ्यानं फॉर्म फडफडला.

मग त्यानं पेटी उघडली. कापडातून काटा काढला, चाकाला लावला, चाक हलवलं. काट्याची सुई जागची हललीसुद्धा नाही.

“चाक ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “मी खोटं लिहिलं.”

“का?”

“काल तिसऱ्या वळणावर... तू हातभर अंतरावर होतीस.” तुम्हीचं तू झालं, ते त्याच्याही लक्षात आलं नाही. “रात्रभर तेच दिसत होतं. सकाळी हातात पेन आलं आणि मला वाटलं, एक ओळ लिहिली की झालं. आज ती घरी जाईल. स्वतःच्या पायांनी.”

“मग ते मला सांगायचं ना!” आता मात्र ती ओरडलीच. “भीती वाटते म्हणून माझ्या तोंडावर सांगायचं! भांडले असते, ऐकलं नसतं, पण ते माझ्या हातात राहिलं असतं. तुम्ही कागदाला सांगितलंत! भीती तुमची आणि नापास मी? हा कुठला न्याय?”

“न्याय नाही,” तो म्हणाला. “गुन्हा आहे.”

एवढं बोलून तो चालू लागला. ती मागोमाग धावली. सचिवबाईंच्या टेबलापाशी आठदहा जण उभे होते. डॉक्टरही होता. त्या सगळ्यांदेखत नियमरावानं फॉर्म टेबलावर ठेवला.

“सतरा नंबरची गाडी पास आहे. सकाळी मी मुद्दाम खोटं लिहिलं. चूक नव्हे, मुद्दाम. तुम्ही स्वतः काट्यानं मोजून घ्या.” त्यानं छातीवरचा तपासनिसाचा बिल्ला काढला आणि फॉर्मवर ठेवला. “आणि हा ठेवून घ्या. परत मागायला येणार नाही.”

सचिवबाईंनी चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, मग सुईकडे. “अकराला सात मिनिटं आहेत,” त्या म्हणाल्या. “चल गं, मोजू या तुझं चाक.”

तिला एकच फेरी मिळाली. डॉक्टरला मिळालेल्या दोन होऊन गेल्या होत्या, टायर तापून पकड आलेले, वळणं पाठ झालेली. तिचे टायर थंडगार. ट्रॅक अजून जागोजागी ओला. पण डोकं तापलेलं, आणि हात मात्र आश्चर्य वाटावं इतके शांत. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर काल घासल्याची काळी खूण दिसली, आणि तिच्या डोळ्यांच्या कडेला कुंपणापाशी उभी असलेली एक उंच आकृती. त्यानं तोंड फिरवलं नव्हतं. दोन्ही हातांनी कुंपणाची तार घट्ट धरून तो बघत होता. बुटकी गाडी कुरकुरली, कलली, सावरली, आणि सुसाट सुटली.

चार शतांश सेकंद. फक्त चार शतांश सेकंदांनी ती डॉक्टरच्या पुढे होती.

लोकांनी गराडा घातला. सचिवबाईंनी मिठी मारली. डॉक्टरनंही, दातओठ खात का होईना, हात मिळवला. या सगळ्यातून वाट काढत ती कुंपणापाशी गेली. हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले.

“जिंकलीस,” तो म्हणाला.

“तुम्ही असूनसुद्धा!”

“हो. मी असूनसुद्धा.”

“मी अजून चिडलेली आहे. आठवडाभर तरी चिडून राहणार आहे.”

“राहा.”

“‘राहा’ काय? भांडा ना जरा! एवढा वर्षभर छळ केलात, आता गाईसारखे गरीब झालात?”

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात तेच काहीतरी हललं. आता लपवायला हातात फॉर्म नव्हता. सगळं हसू उघडं पडलं, आणि तिला एकदम वाटलं... इतकं छान हसणं वर्षभर लपवून ठेवलं, हा तर त्याहून मोठा गुन्हा!

“तपासनिसाला स्पर्धकाशी कामापुरतंच बोलता येतं,” तो म्हणाला. “आजपासून मी तपासनीस नाही. दोन गोष्टी आहेत. वर्षभर गिळून बसलोय.”

“बोला की मग. का त्याचाही फॉर्म भरायचाय?”

त्यानं तारेवरचे हात सोडले. तळव्यांवर तारेचे लाल वळ उठले होते.

“तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना तू गिअर फार लवकर बदलतेस. थोडं थांबलीस, तर चार शतांश काय, अर्धा सेकंद वाचवशील.”

“लवकर?” ती उसळली. “मी जिंकलेय! आणि तू मला गिअर—” तिच्याही तोंडून तू निसटलं, आणि ती मध्येच थांबली. “...आणि दुसरी गोष्ट?”

तो एक पाऊल पुढे आला. मधे आता फक्त कुंपणाची तार होती.

“दुसरी गोष्ट... माझं तुझ्यावर प्रेम आहे.”