शेवटच्या नळाचं पाणी

चावीवाल्याला पाणी खात्यात सगळे चावीवाले काका म्हणत. नाव विचारायची गरज कधी कुणाला पडली नव्हती. खांद्यावर आडव्या दांड्याची पुरुषभर लोखंडी चावी टाकून तो सकाळी निघे, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचली, चावी आत सोडून फिरवी, आणि एका आळीचं पाणी बंद होऊन दुसरीचं सुरू होई. पहिल्या आळीच्या शिव्या संपेपर्यंत दुसरीचे आशीर्वाद सुरू झालेले असत, त्यामुळे त्याची तब्येत उत्तम होती.

या कामाची एक रीत होती. पाणी बंद करण्याआधी चावीवाल्यानं मोठ्यांदा विचारायचं, "कुणाचं भरायचं राहिलंय का?" कुणी "राहिलंय" म्हटलं, की "भरा, थांबतो" म्हणायचं आणि खरंच थांबायचं. एकदा शब्द दिला की भांडी भरेपर्यंत चावीला हात लावायचा नाही. खात्याच्या नियमात हे कुठेच नव्हतं. कदाचित म्हणूनच ते पाळलं जाई. पुढे घरोघर नळ आले, रस्त्यावरचे गेले, हाकेला ओ द्यायला कुणी उरलं नाही. हाक मात्र चावीवाल्याच्या तोंडात राहिली.

त्या सकाळी जुनी लाइन कायमची बंद करायची होती. शहराची ही पहिलीच लाइन. तिच्याआधी शहर तळ्याचं पाणी पीत असे, त्याच तळ्यात अंघोळ करत असे, आणि संडासही तळ्याच्याच उतारावर बांधत असे, कारण तिथे वारा छान येई. मग पटकीची साथ आली. माणसं पटापट जाऊ लागली तेव्हा एक समिती नेमण्यात आली. समितीतलेच दोघे दगावले, त्यामुळे अहवाल वेळेत आला. तळं बुजवलं, लांबून पाइप आणला, आणि सगळ्यात जास्त माणसं ज्या उतारावरच्या गल्लीत गेली होती, तिथे त्याचं टोक नेलं. नळ बसला, भाषणं झाली, पाणी आलं. भरायला गल्लीत कुणी उरलं नव्हतं, एवढी एक उणीव राहिली.

आता त्या म्हाताऱ्या पाइपला शेजारचं फुटकं गटार येऊन मिळालं होतं. घराघरात पुन्हा जुलाब आणि उलट्या. चावीवाल्याची नात, बिट्टी, इस्पितळात होती. नवी लाइन तयार होती. पण जुनी बंद केल्याशिवाय ती सोडता येत नव्हती, नाहीतर घाण तिच्यातही शिरली असती.

"काका, आज तुमच्या हातून इतिहास घडणार," इंजिनिअर मॅडम म्हणाल्या.

"इतिहासाचं बघू नंतर, मॅडम. आधी नातीच्या पोटात चांगलं पाणी जाऊ दे."

उतारावरच्या गल्लीच्या जागी आता गोदामाची लांबलचक भिंत होती. तिला ना दार ना खिडकी. चावीवाल्यानं झाकण सरकवलं, चावी आत सोडली, आणि सवयीनं ओरडला, "कुणाचं भरायचं राहिलंय का?"

"राहिलंय," एक बाई म्हणाली. आवाज साधाच, जरा वैतागलेला.

"भरा, थांबतो," तो म्हणाला, आणि मग त्यानं मान वर केली.

समोर भिंत होती. रस्ता मोकळा होता. मॅडम मोबाइलवर बोलत होत्या.

"मॅडम, कुणाचं तरी राहिलंय."

"काका, इथे माणूस राहत नाही, तर राहील कुणाचं? फिरवा बघू."

चेंबरच्या तळातून भांडं भरल्याचा आवाज येऊ लागला. हा आवाज त्याला कुणी शिकवायला नको होता: आधी खोल, मग भांडं भरत येईल तसा बारीक होत जाणारा. काठापाशी येऊन तो थांबला. भांडं उचलल्याचा खणखणाट झाला. दुसरं खाली टेकलं. पुन्हा खोल आवाज.

त्याला थांबायचं होतं, पण बिट्टी आठवली. त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरून चावी फिरवली. व्हॉल्व्ह बंद होत आला की चावी जड होते. ही झाली नाही. नुसती फिरत राहिली.

शेवटी मॅडमनी मशीन मागवलं. रस्ता खोदला, पाइप कापला. काल संध्याकाळपर्यंत घराघरात घाण पाणी नेणारा तो पाइप आतून कोरडा ठणठणीत होता. मध्यावर कोळ्याचं जाळं होतं आणि त्यात कोळी होता.

मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरून कुणीतरी बंद केलं असेल." सरकारी कामात हे उत्तर सहसा बरोबर निघतं. पाइपची दोन्ही तोंडं पक्की बुजवली, आणि नवी लाइन सोडली.

नळांना धार आली, आणि लगेच गेली. नव्या पाइपवरचा काटा मात्र पूर्ण दाब दाखवत होता. नळ उघडला की पाणी येत नसे. आतून भांडं भरल्याचा आवाज येई. मॅडम दुपारपर्यंत गळती शोधत फिरल्या. त्यांच्या नकाशावर पाणी सगळीकडे पोचलं होतं.

चावीवाला एकटाच नव्या चेंबरपाशी गेला. चावी आत सोडून तिच्या दांड्याला त्यानं कान लावला. खाली कुजबुज होती. पाय घासत होते. कुणीतरी कुणाला ढकलू नको म्हणत होतं.

"बाई," तो म्हणाला, "अजून किती जण आहेत?"

भांडं भरायचं क्षणभर थांबलं.

"मागचं दिसत नाही हो भाऊ. रांग वळलीये."

"माझी नात आजारी आहे. तिच्यापुरतं तरी सोडा."

"आमच्यातही आजारीच आहेत सगळे," खालून एक पुरुष म्हणाला. तो रागावलेला नव्हता.

"थांबतो म्हणालात ना तुम्ही?" बाईनं विचारलं.

त्यानं चावी वर ओढून खांद्यावर टाकली आणि तो इस्पितळाकडे निघाला.

इस्पितळात त्याची मुलगी, बिट्टीची आई, दारातच भेटली. तिचे केस विस्कटले होते. "बाबा, बाहेरगावाहून पाण्याच्या बाटल्या मागवल्या, तर बिट्टी तोंडाला लावू देत नाहीये. सलाइनही पडेना. नर्सनं दोनदा नळी बदलली, थेंब येऊन नुसता लटकतो. डॉक्टर म्हणतात असं होतच नाही."

बिट्टी खाटेवर ताठ बसली होती. ओठ सुकून पांढरे झाले होते.

"बिट्टे, एक घोट घे. आजोबांसाठी."

"अजून माझा नंबर नाही आला."

"कसला नंबर?"

"हळू बोला ना. पुढच्या आजी रागावतात."

त्यानं पेला तिच्या ओठांशी धरला. तिनं तो मनगटानं बाजूला सारला. मध्ये घुसणाऱ्याला सारतात तसा.

मुलगी त्याच्याकडे बघत होती. "बाबा, तुम्ही सांगा ना तिला काहीतरी."

तिचा नंबर लवकर यावा म्हणावं, की कधी येऊच नये म्हणावं, हेच त्याला कळेना. पेला हातात धरून तो उभा राहिला.

बिट्टीची बोटं बादलीची कडी धरल्यासारखी वळली होती. समोरच्या भिंतीकडे बघत ती थोडा वेळ थांबली, आणि मग बसल्या बसल्याच गादीवर जराशी पुढे सरकली.