शिवण चांगली आहे

तो माणूस जर्सी उलटी करून बघत होता.

दुकानात येणारे लोक तसं करत नाहीत. ते आधी रंग बघतात, मग कापडावरून बोटं फिरवतात, आणि आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही याची खात्री करून घेत किमतीचा टॅग हळूच उलटतात. अधूनमधून मी दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायचे ती त्यासाठीच. टॅग उलटल्यावर चेहरे कसे बदलतात ते बघायला. सायकलस्वारांचे महागडे कपडे विकणाऱ्या कंपनीत किमती ठरवणं, आणि त्या किमती पटतील असं काहीतरी छान लिहिणं, हे माझं काम होतं.

याने टॅगकडे पाहिलंसुद्धा नाही. जर्सीची आतली बाजू बाहेर काढून, काखेजवळची शिवण खिडकीच्या उजेडात धरून तो हसला. गर्दीत ओळखीचं कोणी दिसल्यावर माणूस हसतो तसा.

मला राहवलं नाही. "आवडली का?"

"शिवण चांगली आहे," तो म्हणाला. मग त्याची नजर टॅगवर गेली आणि त्याने जर्सी जपून, जरा घाबरूनच, परत अडकवली. "ही... एवढ्याला जाते?"

"जास्त वाटते?"

"तसं नाही. पण आमच्याकडून निघते तेव्हा हिचा एवढा थाट नसतो."

तेव्हा मला कळलं. समुद्रापलीकडच्या ज्या कारखान्यात आमचे कपडे शिवले जातात, तिथला हा प्रॉडक्शन मॅनेजर. कित्येक वर्षं तो आमच्या जर्सी खोक्यांत भरून जहाजावर चढवत आला होता, पण दुकानात, दिव्याखाली टांगलेली एकही त्याने पाहिली नव्हती. हॉटेलात बॅग टाकून तो आधी इथेच आला होता.

"आणि तुम्ही इथे विकता का?" त्याने विचारलं.

"नाही. ती किंमत... मी ठरवते."

तो चिडेल असं वाटलं. पण त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "मग तुम्हाला भेटायचंच होतं. एवढी हिंमत कुठून आणता, ते विचारायला."

त्या दिवशी खोलीवर परतले तरी मी हसत होते. जिना चढताना लक्षात आलं, की हे सांगायला आपल्याला कोणी नाही.

माझी खोली एका लॉण्ड्रीच्या वर होती. खालच्या यंत्रांची घरघर दिवसभर जमिनीतून पायांना जाणवायची. ती थांबली की जास्त एकटं वाटायचं. दर रविवारी वहिनीचा फोन यायचा. "जेवलीस का? कोणाबरोबर?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच द्यायचे. दुसऱ्याला फाटा देऊन दादाच्या तब्येतीवर यायचे. वहिनीला कळायचं. ती ताणून धरायची नाही. ऑफिसमध्ये माणसं चांगली होती, पण सगळी सायकलवाली. शनिवार-रविवार ती डोंगराकडे जायची आणि सोमवारी चढणींच्या गोष्टी सांगत बसायची. आमच्या मालकालाच सगळे मागून 'चढण' म्हणायचे, कारण त्याच्याशी दोन वाक्यं बोललं तरी दम लागायचा. मला मात्र सायकल येत नव्हती. सायकलचे कपडे विकणाऱ्या कंपनीत सायकल न येणारी मी एकटी, आणि हे मी तिथे कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

तो आला होता तो पावसाळी जॅकेटांच्या भानगडीसाठी. त्या हंगामात बरीच जॅकेटं परत आली होती. शिवणीवर आतून जी पाणी अडवणारी पट्टी चिकटवतात, ती काहींची सुटत होती. कुठली जॅकेटं ठीक, कुठली बाद, हे एकेक बघून ठरवायचं होतं. तो ती तपासणार आणि गिऱ्हाइकांना दिलगिरीची पत्रं लिहायची मी, म्हणून आमची रवानगी एकत्रच शहराबाहेरच्या गोदामात झाली. गोदामातली माणसं त्याला 'पाहुणे' म्हणू लागली आणि तेच नाव पडलं.

"चूक कोणाची?" पहिल्याच दिवशी मी विचारलं. "पत्रात काय लिहू?"

"आमची. पट्टी लावायचं यंत्र नीट तापत नव्हतं आणि माझ्या ते उशिरा लक्षात आलं."

"असं कोणी सरळ कबूल करत नाही."

"मग लिहा की हवामानामुळे झालं," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "पावसाळी जॅकेट आहे, पावसाने बिघडलं."

मी हसले. खूप दिवसांनी कोणासमोर आवाज काढून हसले.

आम्ही समोरासमोर बसायचो. मध्ये जॅकेटांचा ढीग. तो शिवणीवरून अंगठा फिरवायचा, मला द्यायचा, मी खोक्यात टाकायचे. मधूनच तो विचारायचा आणि मी सांगत बसायचे. एकदा आम्ही किंमत उतरवली तेव्हा काय झालं, ते त्याला सांगितलं.

"सगळ्यांना वाटलं, आता झुंबड उडेल. उलट नेहमीची माणसंच यायची बंद झाली. त्यांना वाटलं, कापड बदललं असणार."

"म्हणजे महाग आहे म्हणून चांगलं?"

"चांगलं तर आहेच. पण स्वस्त असतं तर ते चांगलं आहे यावर कोणी विश्वास ठेवला नसता."

तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. "मी तुम्हाला कापडाचा भाव सांगू शकतो, चेनचा सांगू शकतो. शिवणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं ते मात्र आज नको. तुमचा चहा कडू होईल."

"सांगा," मी म्हणाले.

त्याने सांगितलं. चहा खरंच तसाच राहिला.

एका दुपारी थंड, बारीक पाऊस सुरू झाला आणि तो एकदम उठला. "चला. नळाखाली धरून काही कळत नाही. खरा पाऊस हवा."

आम्ही दोघांनी तपासून ठीक ठरवलेली जॅकेटं चढवली. खांद्यांच्या आत त्याने टिश्यू पेपरच्या घड्या ठेवल्या, कुठे ओलं होतंय ते कळावं म्हणून. रस्ता रिकामा होता. एका बाजूला गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, दुसऱ्या बाजूला रेल्वेचं कुंपण. एक सायकलवाला चिखल उडवत गेला. आमचंच जॅकेट घालून.

"तुम्हीही अशाच जात असाल ना रविवारी?" त्याने विचारलं.

"मला... सायकल येत नाही."

तो थांबला. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. "कोणाला सांगणार नसाल तर एक सांगतो. मलाही येत नाही."

आम्ही तिथेच, भर पावसात, बावळटासारखे हसत उभे राहिलो. परत आल्यावर त्याने माझ्या खांद्यातला कागद दोन बोटांनी हलकेच ओढून काढला. त्याचा श्वास मला कानाशी जाणवला. मी हलले नाही.

"तुम्ही तर अगदी कोरड्या निघालात."

"हे मला बऱ्याच जणांनी सांगितलंय," मी म्हणाले.

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि कागद चुरगळून खिशात टाकला. "माझ्याकडे जरा ओल आलीय," एवढंच म्हणाला आणि वळला.

त्याच्या जाण्याला एकच दिवस उरला असताना चढणने मला बोलावलं. पुढच्या हंगामापासून सगळं काम दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कारखान्याला द्यायचं ठरलं होतं. तिथे शिलाई स्वस्त पडते. दुकानातल्या किमती आहेत त्याच राहतील.

"जॅकेटांच्या गोंधळामुळे?" मी विचारलं.

"त्याच्या आधीपासून चाललंय. हे एक निमित्त."

मी भांडले. मला भांडता येत नाही, पण भांडले. निदान जॅकेटं तरी तिथेच ठेवू म्हटलं, चूक कबूल करणारा कारखाना पुन्हा मिळत नाही म्हटलं. चढणने शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रत्येक मुद्द्यावर एकेक आकडा समोर ठेवला. शेवटी म्हणाला, "त्यांना मी पुढच्या आठवड्यात कळवतो. तोवर बोलू नकोस."

मी गोदामात गेले आणि कोट काढायच्या आत त्याला सगळं सांगून टाकलं.

त्याच्या हातातलं जॅकेट तसंच राहिलं. मग त्याने अंगठा पुन्हा शिवणीवर ठेवला.

"अंदाज होता," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत."

"आता कशाला तपासताय?"

"अर्धवट टाकून गेलो तर तुमच्याच डोक्याला ताप." थोडं थांबून म्हणाला, "त्या बाजूचा गठ्ठा द्या ना."

मी दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक गठ्ठा संपवत राहिलो. निघताना दारात त्याने हात पुढे केला, कारखान्याची माणसं कंपनीच्या माणसांना देतात तसा, आणि मीही तसाच हातात घेतला. फक्त सोडायला दोघांनाही उशीर झाला.

त्यानंतरचे महिने फार लांब गेले. त्याचे निरोप यायचे. शेवटची खोकी रवाना झाली. अमुक रंगाची बटणं उरलीत, पाठवू का. शेवटी नेहमी, 'काळजी घ्या.' मी त्या दोन शब्दांवर बराच वेळ घुटमळायचे आणि उत्तरात लिहायचे, 'बटणं पाठवा.' लॉण्ड्रीचं यंत्र थांबलं की खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत बसायचे. वहिनीने एका रविवारी दुसरा प्रश्न विचारलाच नाही, आणि मला रडू आलं.

वसंतात मला नव्या कारखान्यात पाठवलं. संकेतस्थळासाठी फोटो आणि मजकूर हवा होता, आणि पहिल्या नमुन्यांवर सहीही मीच करून यायची होती, कारण नेहमी जाणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. विमानात मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी चूक शोधणार. एक टाका वाकडा, एक पट्टी सैल. तेवढं मिळालं तर सही करायची नाही. काम त्याच्या कारखान्याकडे परत जाईल.

नमुन्यांची खोली मोठी, उजेडाची होती. मी जर्सी उलटी केली. काखेजवळची शिवण खिडकीशी धरली. दुसरी घेतली. जॅकेटांच्या सगळ्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, त्याच्यासारखा. ताणून पाहिलं, नळाखाली धरलं. समोर तिथली मुख्य शिवणकाम करणारी बाई हात बांधून उभी होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत. तिचंही पोट त्यावरच होतं.

काही म्हणजे काही सापडलं नाही.

मी सही केली, बाहेरच्या गच्चीवर गेले आणि त्याला फोन लावला.

"शिवण चांगली आहे," मी म्हणाले.

 त्याच्या मागे यंत्रांचा आवाज येत होता. "पट्ट्या?"

"त्याही."

"सही केली?"

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे आता आपल्यात व्यवहार असा काही उरला नाही."

"नाही उरला." मला वाटलं, आता तो 'काळजी घ्या' म्हणेल आणि सगळं संपेल.

"मग एक बोलतो. तू मला आवडतेस. गोदामात पहिल्यांदा हसलीस ना, तेव्हापासून. पण मी माल देणारा, तू घेणारी. काहीही बोललो असतो तरी ते ऑर्डर टिकवण्यासाठी वाटलं असतं. तुला नसतं वाटलं, तर माझं मलाच."

मी कठडा घट्ट धरला. "तुम्ही... तू हे आधी सांगायला हवं होतंस. इतके महिने मी बटणांवर बोलत बसले."

"आधी सांगितलं असतं, तर आज ती शिवण प्रामाणिकपणे बघितली असतीस?"

मी कठड्यावरून अंगठा फिरवत राहिले. त्याला उत्तर मिळालं असावं, कारण तो हलकेच हसला.

"मलाही तू..." मी म्हणाले. "हे असं गच्चीवर ओरडून सांगायचं नाही मला. इथून तुझं गाव किती लांब?"

दुसऱ्या दिवशी मी चढणला रजेचं कळवलं आणि परतीचं तिकीट पुढे ढकललं. तो मला विमानतळावर घ्यायला आला, इस्त्रीच्या शर्टात, आणि वाटेत आम्ही दोघंही इतके गप्प होतो की ड्रायव्हरने गाणी लावली. रजा चार दिवसांची होती. त्यानंतर कोण कुठे जाणार, कोण काय सोडणार, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पण सीटवर त्याचा हात माझ्या हातावर होता आणि या वेळी सोडायची घाई नव्हती.

"आधी कारखाना बघायचाय," मी म्हणाले.

लांबच लांब शेड. आमच्या जर्सी जिथे शिवल्या जायच्या त्या रांगेत आता शाळांचे गडद निळे ट्रॅकसूट चालले होते. अर्धी मशीनं कापडाने झाकलेली. काही बायका काम सोडून गेल्या, तो म्हणाला, काहींना त्याने दुसरीकडे लावून दिलं. मी जात होते तिथे मशीनं एकेक करून थांबत होती. माझ्या बॅगेवरचं कंपनीचं चिन्ह त्यांनी ओळखलं होतं. इतकी वर्षं त्यांनीच तर ते छातीवर शिवलं होतं.

एक वयस्क बाई चष्मा वर करून उठली. तिच्या आवाजात जी आशा होती, ती मी अजून विसरलेले नाही.

"कंपनीकडून आल्यात का?"

तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "नाही मावशी," तो म्हणाला. "माझ्याकडे आलीय."

 मावशी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी विझत गेलं, आणि मग, सावकाश, दुसरं काहीतरी उमटलं. तिने शेजारच्या झाकलेल्या मशीनखालचं स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"बस मग," ती म्हणाली.