आजोबांचं दुसरं कार्ड

मोबाइल खाली ठेवा रे. वीज गेली तर गेली, येईल तेव्हा येईल. हे काही ऐकीव नाही, आमच्या पेंटरच्या बाबतीत घडलेलं आहे. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. माणूस तिरसट, पण थापा मारणारा नव्हे.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. रात्री पावणेअकराला पेंटर एक पोस्टकार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाला. खांद्यावर टॉवेल तसाच. गेलो आणि आलो, एवढंच काम. कार्ड भाचीला होतं. खाली सही तिच्या आजोबांची. आणि आजोबांना जाऊन महिना झाला होता.

हसू नका. ऐका आधी.

आजोबा म्हणजे पेंटरचे वडील, सुतार. नात लांब नर्सिंगच्या हॉस्टेलवर. दर आठवड्याला म्हातारा कानावरची जाड पेन्सिल काढून तिला कार्ड लिहायचा. 'नीट जेवतेस ना? खिडकी रात्री खडखडत असेल तर कागदाची घडी अडकव.' तीही दातदुखीपासून मैत्रिणींच्या भांडणापर्यंत सगळं कळवायची. भारी जीव होता दोघांचा एकमेकांवर.

म्हातारा झोपेतच गेला, तेव्हा तिची परीक्षा दोन महिन्यांवर होती. आजी म्हणाली, "तिला आत्ता कळवू नका. पोरीचं वर्ष वाया जाईल." करतात लोक असं, भल्यासाठीच करतात. पेंटर कुणाचंही अक्षर हुबेहूब काढायचा. बापाची पेन्सिल घेतली आणि बसला लिहायला.

पहिली तीन कार्डं बिनबोभाट गेली. त्या गुरुवारी पेंटर संध्याकाळी कामावरून आला, तर नातीचं उत्तर येऊन पडलेलं. "आजोबा, हल्ली फार लाड चाललेत, आठवड्याला दोन दोन कार्डं! पण दुसऱ्यावर नेहमी एकच ओळ का? 'मला भेटायला कधी येतेस?' बरं बाई, रविवारी येतेच."

पेंटरने आईकडे पाहिलं. "तू कुणाकडून लिहून घेतलंस?"

"मी? नाही रे."

"मग..."

म्हातारीने ते पत्र त्याच्या हातातून घेऊन देव्हाऱ्यात ठेवलं. मग म्हणाली, "येऊ नको म्हणून लिही. आत्ताच टाकून ये."

तर ते हे कार्ड. 'मी ठणठणीत आहे. अभ्यास सोडून येऊ नकोस.'

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पेंटर पेटीशी आला. कार्ड फटीत सारलं.

अर्धं गेलं. अडकलं.

ढकललं... जाईना.

पेटी भरली असेल, असं म्हणून त्याने हात सोडला.

कार्ड बाहेर आलं. हळूहळू. आतून कुणी सरकवावं तसं.

त्याने पुन्हा घातलं.

पुन्हा बाहेर.

"बाबा...?"

कार्ड तसंच, अर्धं बाहेर.

त्याने कार्ड तिथेच फाडलं. रडत घरी आला आणि पहाटेच्या पहिल्या गाडीत बसला. आता खरं सांगायचं. पण पोरीने जन्मभर तोंड बघितलं नाही तर? सगळ्या वाटेत त्याला तेवढीच धास्ती होती.

हॉस्टेलच्या दारात ती उभीच होती. डोळे सुजलेले. तीच म्हणाली, "मामा, मला माहीत आहे. चल, आधी चहा घे."

"कुणी... कुणी सांगितलं?"

तिने एक कार्ड पुढे केलं. आदल्या दिवशी दुपारच्या डाकेने आलेलं. दुपारच्या, बरं का. तेव्हा पेंटर इकडे शिडीवर उभा राहून पाटी रंगवत होता. तिचं उत्तरसुद्धा त्याने वाचलेलं नव्हतं.

मी स्वतः पाहिलंय ते कार्ड. जाड पेन्सिल. म्हाताऱ्याचं अक्षर.

'मी गेलो, बाळ. उद्या मामा येईल. त्याच्यावर रागावू नकोस. रड हवं तेवढं, पण पेपर दे.'