एक्केचाळीस विनंत्या

ऑगस्टच्या चौदा तारखेला दुपारी दीडच्या सुमारास स्तेर्गिओसने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, शिडी काखेत मारली आणि तो पेत्रोमिलो गावातल्या सर्वांत वरच्या घराकडे निघाला. काम साधे होते. वाय-फायचा एक ॲक्सेस पॉइंट भिंतीवर बसवायचा, घंटाघरावरच्या मुख्य अँटेनाशी त्याची गाठ घालून द्यायची, सारे नीट चालते ना ते पाहायचे आणि परत यायचे. अशी सव्वीस उपकरणे त्याने या खोऱ्यात स्वतःच्या हाताने बसवली होती. इथे मोबाइलला रेंज नव्हती, कधी येईल अशी आशाही नव्हती. म्हणून गावकऱ्यांनीच नऊ वर्षांपूर्वी वर्गणी काढून हे जाळे उभारले होते आणि त्याचा कारभार एकमताने स्तेर्गिओसच्या हाती दिला होता. कुणाला जोडायचे आणि कुणाला नाही, हे तोच ठरवत असे.

चौकातल्या चिनाराखाली लाम्ब्रोस आपल्या कॅफेच्या खुर्च्या उलट्या करून ठेवत होता.

"उद्या मारियामातेचा सण, आख्खं गाव आत्ता झोपा काढतंय, आणि तू शिडी घेऊन कुठं?"

"वर. सकाळी पोलिक्सेनी पोचतेय. त्याआधी चालू करून द्यायचंय."

"वायामावशीच्या घरात वाय-फाय!" लाम्ब्रोस हसला. "मेल्यावर का होईना, मिळालं म्हणायचं बिचारीला."

"घंटाघरावरून तिथं पोचत नव्हतं. डोंगराचा कोपरा आड येतो. किती वेळा सांगायचं?"

"अरे, चिडतोस कशाला? मी आपलं सहज बोललो. संध्याकाळी ये खाली, त्सिपुरोची बाटली थंड करून ठेवतो. सनईवाले आठला सुरू करतायत."

स्तेर्गिओस शिडी सावरत चढणीला लागला.

पोलिक्सेनी ही वायाची एकुलती एक मुलगी. ती श्टुटगार्टला एका रुग्णालयात नोकरी करत होती. या भागात मेलेल्या माणसाच्या नावाने लोक पाणपोया बांधतात, देवळाला बाक देतात, त्यावर नाव कोरून घेतात. पोलिक्सेनीने ॲक्सेस पॉइंट दिला होता. पंधरा दिवसांपूर्वी व्हिडिओ कॉलवर ती स्तेर्गिओसला म्हणाली होती, "स्तेर्गिओसकाका, आईच्या घरी सिग्नल पोचत नव्हता म्हणून ती गेली. वरच्या आळीत अजून चार म्हातारी माणसं आहेत. त्यांच्यावर ती वेळ नको. नेटवर्कचं नाव 'वाया' ठेवा. पासवर्ड नको. कुणालाही अडवायचं नाही."

"नाही अडवणार, पोरी," तो म्हणाला होता.

"तिचा टॅब्लेट मी तिच्याबरोबरच ठेवला होता, शवपेटीत. हातातून सुटेना म्हणून तसाच राहू दिला."

हे त्याला तोवर माहीत नव्हते.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती त्याच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. पूर्वी मुख्य अँटेना वायाच्याच धुराड्यावर होता, कारण समोरच्या डोंगरावरचे केंद्र तिच्या छपरावरून सर्वांत नीट दिसे. तो बसवताना स्तेर्गिओसच्या पायाखाली कौले फुटली. पाणी थेट तिच्या बिछान्यावर गळू लागले. तिने चार वेळा सांगितले आणि चारही वेळा तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नक्की." तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रविवारी, ऐन सामना रंगात असताना, तिने अँटेनाचा प्लग उपसून काढला. सारे गाव कॅफेत काळ्या पडद्यासमोर बसून स्तेर्गिओसला हसले. दुसऱ्या दिवशी त्याने अँटेना घंटाघरावर हलवला आणि वायाचा टॅब्लेट नाकारलेल्यांच्या यादीत टाकला. माफी मागेल तेव्हा काढू, असे तो स्वतःशी म्हणाला.

बारा दिवसांनी बर्फ पडला, दूरध्वनीची तार तुटली आणि वाया जिन्यावरून घसरली. ती तिसऱ्या दिवशी सापडली. त्या संध्याकाळी स्तेर्गिओसने जाळ्याच्या नोंदी उघडून पाहिल्या. तिच्या टॅब्लेटकडून एक्केचाळीस विनंत्या आलेल्या होत्या. पहिली सकाळी सात वाजून दहा मिनिटांची, शेवटची दुसऱ्या दिवशी दुपारची. प्रत्येकीपुढे एकच शब्द होता: नाकारले. म्हणजे सिग्नल पोचत होता, उत्तमच पोचत होता. त्याने नोंदी पुसल्या, यादीतले नाव काढले आणि डोंगराच्या कोपऱ्याची गोष्ट सर्वांना सांगितली.

दार उघडताच बंद घराचा वास आला. सुकलेली तुळस, कापूर आणि त्यांच्याखाली ओल्या लोकरीचा जड दर्प. बाहेर ऊन इतके कडक होते, की झाडांवरच्या किड्यांची कर्कश किरकिर दगडातून निघते आहे असे वाटावे. आत मात्र अंगावर काटा येण्याइतका गारवा होता. त्याने दार लावून घेतले तसे ते किडे एकदम गप्प झाले. निदान त्याला तसे वाटले.

टप्.

आवाज वरच्या खोलीतून आला. जिन्याच्या तळाशी उभे राहून त्याने मान वर केली. उघड्या दारातून बिछान्याचा एक कोपरा दिसत होता आणि त्यावर गळती झेलायला ठेवलेली तांब्याची परात. जून महिन्यापासून पेत्रोमिलोत पावसाचा थेंब पडलेला नव्हता.

टप्.

'नळ असेल,' त्याने मनाशी म्हटले. वरच्या मजल्यावर नळ नव्हता, हेही त्याला माहीत होते.

त्याने कामाला सुरुवात केली. जिन्याच्या तोंडाशी शिडी लावून उपकरण उंचावर ठोकले, त्याचा प्लग शेजारच्या विजेच्या जुन्या खोक्यात लावला, तार खाली सोडली आणि कोपऱ्यातल्या उंच पेटाऱ्यावर लॅपटॉप उघडला. नव्या उपकरणात सगळी माहिती हाताने भरण्याची त्याची पद्धत नव्हती. प्रत्येक घराच्या सेटिंगची एक प्रत तो जपून ठेवत असे आणि उपकरण बदलले की तीच प्रत त्यात उतरवत असे. वायाच्या घराची एकच प्रत होती. तारीख न पाहता त्याने ती उतरवली, वर नवे नाव घातले आणि उपकरण चालू केले. हिरवा दिवा लागला. 'वाया' हे नाव हवेत उमटले.

पडद्यावर दोन रकाने होते. जोडलेल्यांचा रिकामा होता. नाकारलेल्यांच्या रकान्यात एक ओळ होती.

वाया-टॅब्लेट. विनंत्या: १.

त्याने सावकाश श्वास सोडला. चूक लक्षात आली. प्रत तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली होती, जुनी यादी तिच्यासोबत जशीच्या तशी आली होती. जुनीच नोंद दिसते आहे, एवढेच.

मग त्याने नोंदीची वेळ पाहिली. दोन वाजून चौदा मिनिटे. आत्ताची.

विनंत्या: २.

ओळीच्या शेवटी सिग्नलचा जोर येतो. तो आकडा उणे असतो आणि शून्याकडे सरकू लागला, की उपकरण जवळ येते आहे असे समजायचे. आकडा उणे अठ्ठ्याऐंशी होता. म्हणजे फार दूर. गावाच्या खालच्या टोकाला, अक्रोडांच्या पलीकडे असावे इतके दूर. तिथे घरे नव्हती. तिथे दफनभूमी होती.

"नाही..." तो मोठ्याने म्हणाला. "बॅटरी तीन वर्षं टिकत नाही."

उणे एकोणऐंशी. विनंत्या: ३.

उणे एकाहत्तर.

हे चौक ओलांडण्याचे अंतर होते. त्याने खिडकीशी जाऊन पाहिले. पांढऱ्या उन्हात गल्ली रिकामी होती, सगळ्या खिडक्यांची दारे लावलेली होती. चढणीवर काहीही हलत नव्हते. फक्त पायऱ्यांच्या तापलेल्या दगडांवर, एकाआड एक, ओले डाग होते आणि ते उन्हात वाळत नव्हते.

दोन गोष्टी त्याला करता आल्या असत्या. यादीतले नाव काढता आले असते, आणि मग ती आत आली असती. किंवा तिची क्षमा मागता आली असती. ओठांवर तो शब्द आलाही. पण तेवढ्यात त्याला उद्याची सकाळ आठवली. पोलिक्सेनी, पाद्री, मृतांच्या स्मरणार्थ वाटायच्या उकडलेल्या गव्हाचे ताट, कौतुकाने पडद्यात डोकावणारे गाव आणि पडद्यावर ही ओळ. लोक विचारतील, नाकारलेले म्हणजे काय? कुणी नाकारले? तीन वर्षांपूर्वी केले तेच त्याने पुन्हा केले. सगळ्या नोंदी निवडल्या आणि पुसून टाकल्या.

रकाना कोरा झाला.

टप्.

वाया-टॅब्लेट. विनंत्या: १. उणे बावन्न.

हे दाराचे अंतर होते.

मग मात्र त्याने विचार केला नाही. तो शिडीवर धावत चढला. प्लग उपसायचा, बस्स. त्याचा हात खोक्यापर्यंत पोचला, बोटांना प्लग लागलाही. आणि त्याच क्षणी मानेवर, कॉलरच्या आत, बर्फाच्या पाण्याचा एक थेंब पडला. इतका गार, की त्याच्या तोंडून किंकाळी निघाली. शिडी खालून सरकली.

शुद्ध आली तेव्हा तो जिन्याच्या तळाशी पडलेला होता. उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता. वर हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"लाम्ब्रोस!" तो ओरडला. आवाज भिंतींनी गिळला. गाव झोपले होते.

खिशात फोन होता. पडद्यावर 'वाया' हे नाव सर्व रेघांसह ठळक दिसत होते. पासवर्ड नव्हताच. त्याने नावावर बोट ठेवले. चक्र फिरले आणि उत्तर आले:

नाकारले.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. पेटाऱ्यावरचा लॅपटॉप त्याच्यापासून चार हातांवर होता, पण पेटारा उंच होता आणि कंबर हलत नव्हती. पडदा मात्र नीट वाचता येत होता. जणू कुणीतरी तो त्याच्याकडे वळवून ठेवला होता.

जोडलेले: वाया-टॅब्लेट. उणे तीस.

उणे तीस म्हणजे याच खोलीत.

नाकारलेले: स्तेर्गिओस-फोन. यादीत टाकल्याची तारीख: नऊ फेब्रुवारी, तीन वर्षांपूर्वी.

हा फोन त्याने गेल्या ईस्टरला विकत घेतला होता.

"वाया..." तो कुजबुजला. "वाया, मी सांगतो सगळ्यांना. उद्या सांगतो. शपथेवर... कौलंसुद्धा नीट करून देतो. पुढच्या..."

त्याने वाक्य अर्ध्यावरच तोडले. वर परातीत एक थेंब पडला, आणि मग घरभर एवढी शांतता पसरली, की कुणीतरी त्याचे वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत आहे असे वाटावे.

तो प्रयत्न करत राहिला. ऊन भिंतीवरून सरकत छपराला टेकले. सायंप्रार्थनेची घंटा झाली. माणसे उठली, खुर्च्या मांडल्याचे आवाज आले, मग सनईने सूर धरला आणि खाली चौकात वर्तुळ धरून नाच सुरू झाला. वाऱ्याबरोबर लाम्ब्रोसचे हसणे स्पष्ट ऐकू येत होते. "अरे, स्तेर्गिओस कुठाय?" कुणी विचारले. "वर बसलाय यंत्राशी लाडीगोडी लावत!" लाम्ब्रोसने उत्तर दिले, आणि सगळे हसले. स्तेर्गिओस जिवाच्या आकांताने ओरडला. सनईचा सूर आणखी चढला.

लॅपटॉपवर त्याच्या नावापुढचा आकडा वाढत होता. तेहतीस. छत्तीस. एकोणचाळीस. प्रत्येक वेळी तो मनात मोजत होता, आणि चाळीस झाल्यावर त्याचे बोट हवेतच थांबले.

तिच्या विनंत्या एक्केचाळीस होत्या. एक्केचाळीसनंतर काहीच नव्हते.

त्याने फोनचे बटण दाबून धरले. पडदा विझला. मग त्याने तो पूर्ण ताकदीने फरशीवर सरकवून दिला. फोन घसरत घसरत दाराशी जाऊन पालथा पडला. 'आता मी मागणारच नाही,' त्याने ठरवले. मागितले नाही, तर मोजदाद चाळीसवरच थांबेल. सकाळी पोलिक्सेनी येईल. तिला तो सगळे सांगेल, एकही शब्द न लपवता. तिच्या पायांशी पडूनच तर सांगायचे होते. तो पडलेलाच होता.

खोलीत संधिप्रकाश भरला. दाराशी फोन काळा, निपचित पडून होता.

पेटाऱ्यावरच्या पडद्यावर चाळीसचे एक्केचाळीस झाले.

वरच्या खोलीतली टपटप थांबली. मग परात कुणीतरी दोन्ही हातांनी, पाणी हिंदकळू न देता, अगदी जपून उचलल्याचा आवाज झाला, आणि जिन्याची सर्वांत वरची पायरी करकरली.