जागा अपुरी आहे

किरगिझस्तानात, कोचकोरच्या अलीकडच्या त्या गावात गुरुवारची संध्याकाळ झाली की घराघरातून तेल कढल्याचा वास सुटतो. गेलेली माणसं त्या वासाच्या मागोमाग दारापर्यंत येतात, आपलं नाव ऐकतात आणि निमूट परत जातात. निदान आजवर तरी गेली आहेत.

बेगायमचं लक्ष मात्र त्या गुरुवारी चुलीकडे नव्हतं. सैबेरियात लाकडाच्या कारखान्यात कामाला गेलेल्या नवऱ्याचा बरेच दिवस फोन नव्हता. सकाळी अचानक निरोप आला होता, 'आज चेहरा दाखवतो.' चेहरा दिसण्यासाठी कॉम्प्युटरवर एक नवा प्रोग्राम घालायला हवा होता, आणि कॉम्प्युटर म्हणत होता, जागा अपुरी आहे. तिला त्या जुनाट डब्याचा मनापासून राग आला. शेवटी तिनं दिराला फोन लावला. उलानचं बाजारात मोबाइलचं दुकान होतं.

"वहिनी, त्या म्हातारड्या यंत्राला आता चारा घालून बघा!" तो हसला. "बरं, भाषांच्या फाइली उघडा. जगातल्या सगळ्या भाषा त्यात भरून ठेवल्यात. तुम्ही काय अरबीत भांडणार आहात का दादाशी?"

"किरगिझमध्येच पुरे पडते मी."

"ते ठाऊक आहे सगळ्या गावाला. किरगिझ आणि रशियन ठेवा, बाकी सगळ्या उडवा. जागाच जागा."

तिनं एकेक भाषा काढायला सुरुवात केली. खाली खाली येता येता तिचा हात थांबला. सगळ्यात शेवटी, भाषांच्याच रांगेत, एक नाव होतं. सासऱ्यांचं.

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घरात सून म्हणून पाऊल टाकल्यापासून तिनं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिकडच्या सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत. ती तर नवऱ्यालाही नुसतं 'अहो' म्हणायची.

"काय झालं, वहिनी? झोपलात?"

"काही नाही," ती म्हणाली. सांगायचं तर कसं सांगायचं? हा हसेल, आणि उद्या बाजारभर करेल. तिनं फोन ठेवला.

तेवढी एक फाइल सोडून बाकी सगळ्या भाषा तिनं काढल्या. तरी जागा अपुरीच. किंचित कमी, फार नाही. त्या एका फाइलीएवढीच. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बर्फावर निळसर अंधार उतरत होता. आता कुठल्याही क्षणी नवऱ्याचा फोन येणार होता. नाव घ्यायचं नाही असं सगळ्यांनी शिकवलं होतं. पुसायचं नाही असं काही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते काढून टाकलं.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी बोरसोकांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, पहिला घाणा काढला, दोन्ही हात वर केले आणि नेहमीची दुआ म्हणू लागल्या. बेगायमला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं.

"ह्याचं पुण्य पोचो... पोचो..."

मग तेलाची चुरचुर तेवढी ऐकू आली.

"बेगायम, अगं... माझ्या नवऱ्याचं नाव काय गं?"

बेगायम स्वयंपाकघराच्या दारात आली. "आई, चेष्टा करताय का?"

"इतका संसार केला त्या माणसाबरोबर. समोर दिसतोय मला, टोपी, मिशा, सगळं. नाव तेवढं..." म्हातारीनं हात खाली घेतले. "नाव घेतल्याशिवाय पोचणार कसं त्याला?"

बेगायमनं पुन्हा उलानला फोन लावला. "तुमच्या वडिलांचं नाव सांगा."

"हे काय विचारणं झालं? माझ्या वडिलांचं नाव..." तो हसायला लागला. हसू मधेच विरलं. "वहिनी... थांबा हं जरा..."

अंगणातला कुत्रा भुंकता भुंकता गप्प झाला. बर्फ करकरलं. कुणीतरी जड पावलं टाकत, घाई न करता, घराला वळसा घालून येत होतं. तळणाच्या वासात दुसरा एक वास मिसळला, ओल्या लोकरीचा आणि घोड्याच्या घामाचा. त्या घरातला शेवटचा घोडा सासऱ्यांच्या मागोमाग गेला होता. पावलं दाराशी थांबली.

"सूनबाई..." आवाज अगदी हळू होता, वाट चुकलेल्या माणसासारखा. "मी... कोण?"

सासूबाई भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. ते नाव आता जगात एकट्या बेगायमलाच ठाऊक होतं, आणि त्या घरात ते घ्यायची मुभा तिलाच नव्हती.

दाराची कडी आतल्या बाजूनं हळूहळू वर उचलली जाऊ लागली.

"कालमुर्झा!" ती किंचाळली. "तुम्ही कालमुर्झा! पोचलं तुमचं तुम्हाला... जा आता, बाबा... जा..."

कडी खाली पडली. पावलं मागे वळली, आणि थोड्या वेळानं कुत्रा पुन्हा भुंकू लागला.

"हां, कालमुर्झा!" सासूबाईंनी सुस्कारा सोडला, आणि पुढच्याच क्षणी कपाळावर हात मारला. "आणि तू गं? सासऱ्याचं नाव असं ओरडून? लाजलज्जा काही?"

बेगायमला रडू आणि हसू एकदमच आलं. डोळे पुसत ती कॉम्प्युटरपाशी आली. पडद्यावर नवी ओळ उमटली होती: न वापरलेली आणखी एक भाषा काढली. जागा झाली आहे.

तिनं तर कशालाच हात लावला नव्हता.

तिनं घाईघाईनं मोबाइल उचलला आणि सैबेरियाचा नंबर लावला.

"आता कुणाला लावतेस?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"तुमच्या थोरल्याला, आई."

"थोरला कुठला? मला एकटा उलानच."

पलीकडे फोन उचलला गेला. वारा घोंगावत होता. मग तो ओळखीचा, लाडका आवाज आला.

"बेगायम... मी कोण?"

"अहो..." ती म्हणाली. "अहो... तुम्ही..."

ती नाव घ्यायला गेली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.