वीस मिनिटं शांतता

सकाळपासून भुरभुर चालू होती. दवाखान्यासमोरच्या पार्किंगचं भेगाळलेलं डांबर खरवडायचं काम जोरात होतं, आणि त्या अगडबंब यंत्राच्या बाजूने टेप घेऊन ती चालत होती. साइट इंजिनिअर. वरचा थर दोन इंच निघाला पाहिजे म्हणजे दोनच इंच, यावर ती इतकी अडून बसायची की यंत्र चालवणारे मामा तिला टेपताई म्हणत.

तेवढ्यात पांढऱ्या कोटातला एक तरुण छत्रीशिवायच समोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. तिने कानावरचं झाकण सरकवून उजवा कान पुढे केला.

तो आत लोकांचे कान तपासायचा. एक चार वर्षांची मुलगी आली होती. तिला ऐकू येतं की नाही ते आज कळायचं होतं, आणि इथे भिंतीसुद्धा थरथरत होत्या. काम बंद करा, असं तो म्हणाला नाही. त्याने फक्त विचारलं, "वीस मिनिटं... मिळतील?"

यंत्राचे डांबर खरवडणारे दात झिजलेच होते. अकराला बदलायचे होते. तिने मामांना ते आत्ताच बदलायला लावले. मामा कुरकुरले, पण गालात हसलेही.

यंत्र थांबलं. तापलेल्या पत्र्यावर पडणारे थेंब चुर्र करत विरत होते... किती दिवसांनी तिने पाऊस ऐकला होता! वीस मिनिटांनी तो दारात आला. मुलीला ऐकू येत होतं – कमी, पण येत होतं. ते सांगताना त्याचा चेहरा असा उजळला, की ती टेप गुंडाळायची विसरली.

दुसऱ्या दिवशी तो दोन कप चहा घेऊन आला.

"तुम्ही सगळ्यांना उजवाच कान देता," तो म्हणाला.

"तुम्ही माणसं बघता की नुसते कान?"

"कालपर्यंत कानच बघत होतो."

ती लाजली, मग धास्तावली. डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. ऑफिसात कळलं तर खुर्चीवर बसवतील, रस्ता सुटेल, ही भीती. त्याला मात्र तिने सगळं सांगून टाकलं. दुपारी त्याने कान तपासले. गेलेलं परत येणार नाही, म्हणाला, पण कानाच्या मापाचे प्लग घातले तर आणखी जाणार नाही. साइट सोडायची काही गरज नाही. मग तिचे ओले केस हळूच मागे सारून त्याने माप घेतलं. ती डोळे मिटून बसली. आपली धडधड याला ऐकू जात असणार, असं तिला वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला, नवं डांबर पडलं, रोलर फिरला, काम संपलं. प्लग कुरियरने पाठवायला तिने पुढच्या साइटचा पत्ता दिला. दोघंही एकदमच "बरं..." म्हणाले.

नऊ दिवसांनी, साठ किलोमीटरवरच्या एका रस्त्यावर, धुळीतून तो चालत आला. हातात छोटी डबी.

"कुरियर होता की," ती म्हणाली.

"होता. पण त्याला तुम्हाला बघायचं नव्हतं."

तिने सांगितलं, मी सहाला सुटते. तो पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसून राहिला. सहाला ती आली, तेव्हा मामांनी त्याला कामाला लावलेलं होतं, आणि पांढऱ्या बाहीला डांबर लागलं होतं.

"आज उशीर का, म्हणून आई विचारेल," ती म्हणाली. "काय सांगू?"

त्याने रस्त्याकडे पाहिलं.

"सांगा... एक जण आला होता. नऊ दिवस त्याचं कशातच लक्ष लागत नव्हतं."

त्याच्या बाहीवरची डांबराची खपली तिने नखाने हळूच काढली, आणि हात तिथेच राहू दिला.