कुशीची नोंद

आमच्या नवजात अतिदक्षता विभागात काचेच्या बारा पेट्या आहेत. दिवस भरण्याआधीच जन्मलेली बाळं त्यांत असतात. दर तीन तासांनी सिस्टरांनी त्यांची कूस बदलायची आणि तक्त्यावर लिहायचं, डावी की उजवी. एवढं साधं काम, तेही धड होत नाही. मी विभागप्रमुख, एकोणीस वर्षं हा आनंद पाहतोय.

सकाळच्या राउंडला मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सर, सगळी बाळं तीन नंबरच्या पेटीकडे तोंड करून आहेत. निम्म्यांना तर आम्ही दुसऱ्या कुशीवर ठेवलं होतं."

"म्हणजे लिहिता एक, करता भलतंच."

"किलोभराची पोरं, सर. आपली आपण मान कुठली वळवतात?"

"मग मीटिंग घेतली असेल त्यांनी."

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचा श्वास अडखळू लागला. नाकातल्या नमुन्यात विषाणू सापडला. मोठ्यांना नुसती सर्दी देणारा, यांच्या जिवावर उठणारा. पुढच्या आठवड्यात सगळी तोंडं नऊ नंबरकडे वळली. तीन दिवसांत ते बाळ गेलं. मी सिस्टरांना उभं करून बालवाडीतल्या पोरांसारखं हात धुवायला शिकवलं. एक रडायला लागली. रडण्यानं विषाणू मरत नाहीत, हेही तिला सांगितलं.

पाच नंबरमध्ये माझी नात होती. नऊशे ग्रॅम.

"बाबा, तिला दुसरीकडे हलवा ना," लेक म्हणाली. "सिस्टरसुद्धा घाबरल्यात."

"त्या बिनडोक आहेत. माझ्याइतकं कोण जपणार तिला?"

दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता. तिला रोज मीच तपासायचो.

काल सकाळी दहाला आत शिरलो. सगळी तोंडं दाराकडे होती.

"कुणाचा हा चावटपणा?"

मोठ्या सिस्टर माझ्यापासून दोन पावलं मागे सरकल्या.

मी खिडकीपाशी गेलो. वळून पाहिलं.

तोंडं खिडकीकडे.

परत दाराशी आलो.

दाराकडे.

दोन दिवस घसा खवखवत होता. एसीमुळे असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. आता मात्र मी घाबरलो, साफ घाबरलो.

पाच नंबरपाशी गेलो. एकटी तीच माझ्याकडे पाहत नव्हती. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

मी भिंतीच्या बाजूला जाऊन वाकलो.

तिनं सावकाश मान पलीकडे वळवली.